शटलची वरात : एन्डेव्हरचे शेवटचे १९ किलोमीटर

१२ ऑक्टोबर २०१२ची रात्र. लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळ, इंगलवूडच्या वेशीवर, ४०५ क्रमांकाच्या महामार्गावरून जाणारा एक पूल. पुलाच्या तोंडाशी एक टोयोटा टुंड्रा उभी आहे. बांधकामावर पाइप, नाहीतर सिमेंटच्या गोण्या टाकून नेतात ना, त्या जातीची पिकअप. तिच्या मागे जोडलंय ते मात्र २५ वेळा अंतराळात जाऊन आलेलं 'एन्डेव्हर' हे नासाचं स्पेस शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं अंतराळयान. पिकअप इंचाइंचाने पुढे सरकते, मागे पाच मजली उंचीचं शेपूट सरकतं, आणि खालचा महामार्ग रिकामा पडलेला.

हेच यान पृथ्वीभोवती फिरायचं तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर असायचा, म्हणजे सेकंदाला पावणेआठ किलोमीटर. विमानतळापासून ते कायमचं जिथे ठेवायचं होतं त्या कॅलिफोर्निया सायन्स सेंटर या संग्रहालयापर्यंतचं अंतर १९ किलोमीटर. कक्षेतल्या वेगाने ते अडीच सेकंदांचं काम. रस्त्याने लागले अडीच दिवस. त्या दिवसांत एखादी बैलगाडी सोबत निघाली असती, तर तीच आधी पोहोचली असती.

शटलच्या उड्डाणाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण त्यात धूर आणि ज्वाळांचाच दिमाख इतका असतो की यंत्र आतून कसं आहे ते कळत नाही. ते कळलं या वरातीत. वाटेत आलेली जवळजवळ प्रत्येक अडचण ही त्या यंत्राच्या घडणीतून आलेली होती. म्हणून हा प्रवास उलगडून पाहू.

इंजिनं होती, तरी उडता येत नव्हतं

पहिला प्रश्न कोणीही विचारेल : शटलला पंख आहेत, शेपूट आहे, मागे तीन दणदणीत इंजिनं आहेत, मग ते स्वतःच उडत का नाही आलं?

कारण त्या इंजिनांचं इंधन शटलच्या पोटात नसतंच. ती इंजिनं जाळतात द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि दोन्ही भरलेले असतात बाहेरच्या त्या अवाढव्य नारिंगी टाकीत. उड्डाणानंतर साधारण साडेआठ मिनिटांत टाकी रिकामी होते आणि यान तिला सोडून देतं. त्या क्षणापासून मागची तीन इंजिनं म्हणजे नुसतं ओझं. कक्षेत वळायला आणि खाली यायला वेगळी, छोटी इंजिनं असतात. वातावरणात शिरल्यावर तर काहीच नाही. शटल ग्लायडरसारखं घसरत खाली येतं आणि ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीला टेकतं. जमलं नाही तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी मारायची सोय नाही. 'उडती वीट' हे त्याचं टोपणनाव उगाच पडलेलं नव्हतं.

त्यामुळे शटलचा तळ असलेल्या फ्लोरिडातलं हवामान बिघडलं आणि शटल कॅलिफोर्नियात उतरलं, की त्याला परत न्यायचं कसं हा प्रश्न नासाला सुरुवातीपासूनच होता. उत्तर भन्नाट होतं : जुनं प्रवासी बोइंग ७४७ घ्यायचं आणि त्याच्या पाठीवर शटल ठेवायचं. अमेरिकन एअरलाइन्सकडून घेतलेल्या एका ७४७चं 'नासा ९०५' झालं. त्याच्या पाठीवर तीन आधार बसवले. शटलच्या पोटाशी ज्या तीन ठिकाणी नारिंगी टाकी जोडतात, तीच ठिकाणं इथे कामी आली. एका आधारावर कोणा मिश्किल माणसाने सूचना रंगवली होती, तिचा मराठीत अर्थ असा : 'यान येथे जोडावे. टीप : काळी बाजू खाली.'

पाठीवर एवढं धूड घेतल्यावर विमानाचे हाल होणारच. शटलच्या बोथट ढुंगणामागे हवेचे भोवरे होतात आणि ते विमानाच्या शेपटावर आदळतात. म्हणून शटलच्या मागे एक निमुळतं टोपण चढवायचे, आणि ७४७च्या शेपटाला दोन्ही टोकांना जादा उभे पडदे लावले होते. एरवी सलग खंड ओलांडणारं विमान शटल घेऊन निघालं की त्याचा पल्ला जेमतेम दोन हजार किलोमीटरवर यायचा. शिवाय पाऊस चालायचा नाही. वाटेत ढग आहेत का ते बघायला पुढे दुसरं एक विमान धाडत. वरातीच्या पुढे आतषबाजी, इथे हवामान खातं!

पाऊस का चालत नाही? त्या काळ्या टाइल्समुळे. पण त्यांच्याकडे सावकाश येऊ.

आधी विष उतरवलं

एन्डेव्हरचं शेवटचं उड्डाण १ जून २०११ला संपलं. प्रत्यक्ष हलवाहलव झाली ती सव्वा वर्षाने. मधल्या काळात काय चाललं होतं? साफसफाई. आणि ती आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखी नव्हती.

कक्षेत वापरायच्या छोट्या इंजिनांत दोन द्रव असतात, मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोघं एकमेकांना भेटले की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही. अंतराळात ही मोठीच सोय, कारण झडप उघडली की इंजिन सुरू. पण दोन्ही जहाल विषारी. शटल उतरल्यावर जवळ जाणारे तंत्रज्ञ नखशिखांत बंद पोशाख घालून जायचे. टाक्या रिकाम्या केल्या तरी नळ्या-झडपांच्या सांदीकोपऱ्यात अंश उरतोच. उद्या त्याच यानाखाली शाळेच्या सहली उभ्या राहणार. म्हणून नाकातला आणि शेपटाजवळचे इंजिनांचे भाग सुटे करून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे पाठवले, धुऊन स्वच्छ केले आणि मग परत बसवले.

मागची तीन मोठी इंजिनं मात्र नासाने स्वतःकडेच ठेवली. त्यांच्या जागी बसवली ती हुबेहूब तोंडं, आत इंजिन नाही. हे वाचून पहिल्यांदा मला जरा फसवल्यासारखं वाटलं होतं. पण या इंजिनांसारखी दुसरी इंजिनं सहज मिळत नाहीत, आणि नासाला चंद्राकडे जाणाऱ्या नव्या रॉकेटसाठी ती हवी होती. १६ नोव्हेंबर २०२२ला आर्टेमिस-१ उडालं तेव्हा तळाशी शटलच्या ताफ्यातलीच चार जुनी इंजिनं होती. शटलबरोबर ती दरवेळी परत यायची. या वेळी रॉकेटच्या त्या टप्प्याबरोबर समुद्रात गेली.

हवेतली तीन दिवसांची फेरी

१२ एप्रिल २०११ला, पहिल्या शटल-उड्डाणाला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी, नासाचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स बोल्डन यांनी वाटणी जाहीर केली होती. डिस्कव्हरी वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयाला, अटलांटिस फ्लोरिडातच, अंतराळात कधीच न गेलेलं चाचणीचं एंटरप्राइझ न्यूयॉर्कला आणि एन्डेव्हर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया सायन्स सेंटरला. अंतराळवीरांचं प्रशिक्षण आणि उड्डाणांचं नियंत्रण जिथून चालायचं त्या ह्यूस्टनच्या वाट्याला एकही यान नाही. हे दुखणं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एन्डेव्हर कॅलिफोर्नियाला जाणं म्हणजे खरं तर माहेरी जाणं होतं. ते जुळवलं गेलं लॉस एंजेलिसच्या उत्तरेला पामडेलमध्ये. १९८६ साली चॅलेंजर सात अंतराळवीरांसह नष्ट झालं, त्याची जागा भरायला, आधीच्या शटल्ससाठी करून ठेवलेल्या सुट्या भागांतून हे उभं राहिलं. नाव शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून निवडलं, कॅप्टन जेम्स कुकच्या जहाजावरून.

हवामानामुळे दोन दिवस रखडून १९ सप्टेंबर २०१२ला ते ७४७च्या पाठीवर बसून फ्लोरिडाहून निघालं. पहिला मुक्काम ह्यूस्टन. एका रात्रीपुरता. दुसऱ्या दिवशी एल पासोला इंधन घेऊन विमान अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरावरून गेलं. शेवटच्या मोहिमेचे कमांडर मार्क केली यांचं आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल गिफर्ड्स यांचं ते गाव. लोकप्रतिनिधी असलेल्या गिफर्ड्स यांच्यावर जानेवारी २०११मध्ये तिथेच गोळीबार झाला होता. रात्री एडवर्ड्स हवाई तळ, आणि २१ तारखेला सॅक्रामेंटो, सॅन फ्रान्सिस्को, हॉलिवूड असं कमी उंचीवरून फिरून विमानतळावर. शटल पाठीवर घेऊन ७४७ उडालं ते हे शेवटचं.

नुसते सुटे भाग करून ट्रकमध्ये घातले असते तर?

हा प्रश्न तिथल्या लोकांनीही विचारला होता, आणि रास्त होता. आता टाइल्सकडे येऊ.

परतताना वातावरणात शिरलं की समोरची हवा दाबली जाऊन शटलचं पोट बाराशे अंश सेल्सिअसच्या वर तापतं. आतला सांगाडा मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचा, तो त्याच्या कितीतरी आधी मऊ पडेल. मधे असतात सुमारे २४,००० टाइल्स. वाळूतल्याच सिलिकाचे बारीक तंतू, आणि घनफळाचा नव्वद टक्के भाग नुसती हवा. म्हणून त्या उष्णता आत जाऊ देत नाहीत. भट्टीतून लालबुंद काढलेली टाइल कडांना धरून उघड्या हाताने उचलून दाखवतात, ती जादू हीच. पण याच गुणामुळे ती थर्माकोलसारखी हलकी आणि ठिसूळ असते. विमानाच्या वेगात पावसाचा थेंब लागला तरी खड्डा पडतो. शिवाय बहुतेक टाइल्स एकमेकींसारख्या नाहीत. यानाचं अंग जिथे जसं वळतं तसा तिचा आकार, आणि तिच्यावर तिचा क्रमांक.

ही सगळी कातडी पंख आणि धड यांच्या सांध्यावरून सलग जाते. पंख काढायचे म्हणजे कातडी सोलायची, मग आतल्या तारा आणि नळ्या कापायच्या. पुन्हा जोडल्यावर जे उभं राहील ते बाहेरून शटल दिसेल, इतकंच. अखंड न्यायचं ठरलं ते यासाठी.

मग हेलिकॉप्टर? रिकामं शटल ७० टनांच्या घरात. आपल्या हवाई दलानेही वापरलेलं एमआय-२६ हे सर्वांत दांडगं हेलिकॉप्टर २० टनांच्या आसपास उचलतं. महामार्ग? शेपटाची उंची १७ मीटर, आणि महामार्गावर दर थोड्या अंतराला आडवे पूल. राहिले शहरातले रस्ते. पंखांची रुंदी जवळपास २४ मीटर, लांबी ३७. वाटेत लोकांचे बंगले, दुकानं, दिव्याचे खांब.

शटल ठेवलं होतं १६० चाकांच्या वाहकांवर. या वाहकांना वेगळा ट्रक ओढत नाही. चाकं संगणकाच्या आज्ञेने स्वतः फिरतात, हवी तशी वळतात, त्यामुळे सगळं धूड खेकड्यासारखं तिरकंही सरकू शकतं. चालक कुठे बसलेला नाही. गळ्यात नियंत्रणाची पेटी अडकवलेला माणूस बाजूने पायी चालतो आणि खेळण्यातल्यासारखी दांडी हलवतो. सगळ्यात जास्त वेग ताशी तीन किलोमीटर.

पुण्या-मुंबईत गणपतीच्या मोठ्या मूर्तीपुढे बांबूने तारा वर उचलणारी पोरं ज्याने पाहिलीत, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. फरक एवढाच की इथे तारा आधीच काढल्या किंवा वर घेतल्या होत्या, सिग्नलचे खांब उतरवले होते, आणि जमिनीखालचे पाइप दबू नयेत म्हणून रस्त्यावर लोखंडी पत्रे अंथरले होते. काही ठिकाणी पंख घरांच्या अंगणावरून गेले.

झाडांचं मात्र दुखतं. सुमारे ४०० झाडं कापली गेली. दक्षिण लॉस एंजेलिस हा आधीच सावलीला महाग असलेला भाग, तिथले लोक चिडले ते बरोबरच होतं. संग्रहालयाने हजाराहून जास्त नवी झाडं लावायचं आणि फुटपाथ दुरुस्त करायचं कबूल केलं. पण वीस-तीस वर्षांच्या झाडाच्या बदल्यात दोन रोपटी हा हिशेब कागदावरच जुळतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या रस्त्यावर त्यांच्या स्मरणार्थ लावलेली पाइनची झाडं आहेत. त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. मग शटलनेच डावं-उजवं करत वाट काढली, आणि उशीर झाला तो मुख्यतः तिथे. मला तर त्या सगळ्या प्रवासातला तो टप्पा सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

पिकअपने शटल ओढलं कसं?

आता सुरुवातीच्या पुलाकडे. पुलाला वजनाची मर्यादा असते, आणि शटल अधिक जड वाहक असा एकत्र भार त्या पुलाला झेपणारा नव्हता. म्हणून शटल हलक्या, बिनइंजिनाच्या गाड्यावर घेतलं आणि ओढायला पिकअप लावली. टोयोटाने त्याची भरपूर जाहिरात करून घेतली, ते सोडा. मुद्दा असा की यात लबाडी काही नाही.

ओढणं आणि उचलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पन्नास किलोचं पोतं डोक्यावर घेताना मान मोडते, तसली दहा पोती हातगाडीवर टाकून एकटा माणूस सपाट रस्त्याने नेतो. वजन चाकांनी जमिनीवर दिलेलं असतं. ओढणाऱ्याला फक्त चाकं लोळण्याचा विरोध मोडायचा असतो. सपाट रस्त्यावर टायरसाठी तो एकूण वजनाच्या एक-दोन टक्के धरा. म्हणजे शंभर टनांना एक-दोन टनांचा जोर पुरतो. दणकट पिकअपला तेवढं जमतं. खरी अडचण सुरू करताना आणि थांबवताना. हललेलं शंभर टन ब्रेक मारून थांबवायची पिकअपची ताकद नाही, म्हणून चालायचं मुंगीच्या पावलाने. चढ थोडा जरी वाढला तरी हे गणित बिघडतं.

१४ ऑक्टोबरला दुपारी, ठरल्यापेक्षा सतराएक तास उशिरा, एन्डेव्हर संग्रहालयाच्या आवारात शिरलं. रस्त्याच्या कडेला लाखो लोक येऊन गेले होते. त्यातलं एक दृश्य बऱ्याच जणांच्या लक्षात आहे : इंगलवूडमधल्या 'रँडीज डोनट्स' या दुकानाच्या छपरावर बसवलेलं ते प्रचंड डोनट, आणि त्याच्या शेजारून सरकणारं शटलचं काळं नाक.

आपल्या फोनमधला सह्याद्री

या यानाने केलं काय होतं? १९९३च्या डिसेंबरात, आरशातल्या दोषामुळे अंधुक बघणाऱ्या हबल या अंतराळातल्या दुर्बिणीला 'चष्मा' बसवला तो याच शटलमधून गेलेल्या अंतराळवीरांनी. हे बहुतेकांना माहीत असतं. २००० सालच्या फेब्रुवारीतल्या मोहिमेबद्दल क्वचित बोललं जातं, आणि आपल्याला जवळची आहे ती तीच. एन्डेव्हरच्या पोटात एक रडार होतं आणि बाहेर काढलेल्या ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरी अँटेना. दोन डोळ्यांमुळे आपल्याला खोली कळते, तसंच दोन जागांहून टिपलेल्या प्रतिध्वनींच्या फरकातून जमिनीची उंची काढता येते. अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजून झाली, अख्ख्या भारतासकट. ही माहिती पुढे सगळ्यांना खुली केली गेली आणि जगभरच्या नकाशांत मुरली. कळसूबाई चढताना फोनवर चढाचा आलेख बघितला असेल, तर त्यामागे याच मोजणीचा हात असण्याची शक्यता बरीच आहे.

वरातीमागून टाकी

संग्रहालयात एन्डेव्हर आधी आडवं ठेवलं, भूकंपात हादरा बसू नये म्हणून खास आधारांवर. मनात मात्र सुरुवातीपासून होतं ते उभं करायचं, उड्डाणाला निघाल्यासारखं. त्यासाठी नारिंगी टाकी हवी, आणि टाक्या तर दर उड्डाणात नष्ट व्हायच्या. वापराविना उरलेली एकच खरी टाकी होती, ईटी-९४. २००३ साली कोलंबिया कोसळलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. टाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून पंखाच्या कडेवर आदळला होता. त्या टाकीची ही जुळी बहीण. तपासासाठी हिच्या अंगावरचा फोम कापून तपासला होता. २०१६ साली ती न्यू ऑर्लिन्सहून तराफ्यावर, पनामा कालव्यातून, लॉस एंजेलिसला आली आणि रस्त्याने संग्रहालयात गेली. वरातीमागून घोडं म्हणतात तसं, पण या घोड्याशिवाय लग्न अपुरं होतं. २९ जानेवारी २०२४च्या रात्री क्रेनने एन्डेव्हर उभं करून टाकीला भिडवायला सुरुवात झाली. भोवतीच्या इमारतीच्या भिंती नंतर. एवढं मोठं दार कोण करणार?

आणि ह्यूस्टनचं दुखणं? जुलै २०२५मध्ये अमेरिकेत झालेल्या एका कायद्यात एक अवकाशयान नासाच्या केंद्रात हलवण्यासाठी साडेआठ कोटी डॉलर बाजूला काढले गेले. टेक्सासच्या सिनेटरांनी बोट ठेवलं डिस्कव्हरीवर : ते वॉशिंग्टनहून ह्यूस्टनला आणा. लगेच जुनाच वाद पेटला, अखंड न्यायचं की कापून? कारण पाठीवर शटल नेणारी ७४७ दोनच होती आणि दोन्ही कधीच निवृत्त झाली. त्यातलं एक पामडेलला उघड्यावर उभं आहे. दुसरं, एन्डेव्हरला घेऊन आलेलं नासा ९०५, ह्यूस्टनमध्येच आहे, पर्यटकांसाठी ठेवलेलं. त्याच्या पाठीवर शटल आहे. खोटं.